पापनाशम समुद्रात कसं गेलं

मुलगी बघायला गेलो त्या दिवशी मला स्वतःबद्दल दोन गैरसमज होते. एक, मी दिसायला बरा आहे. दुसरा, मला नकाशे येतात. पहिला आईने करून दिला होता, त्याला इलाज नव्हता. दुसरा मात्र मी स्वतः, पुण्याला सहा महिने राहून, मेसचं जेवण जेवून, रीतसर कमावला होता.

नव्वदीची मधली वर्षं होती. तंजावूरच्या गल्लोगल्ली कॉम्प्युटर शिकवायच्या पाट्या लागल्या होत्या. आदल्या महिन्यापर्यंत जिथे टायपिंग शिकवत तिथेच, त्याच बाकांवर, तेच मास्तर आता कॉम्प्युटर शिकवत. आमच्यासारख्या तंजावुरी मराठी घरांत मुलाला तीनच वाटा असत: शाळा, सरकार किंवा बँक. मी चौथी काढली. कॉम्प्युटरवर नकाशे करायचा कोर्स करून आलो आणि कावेरीच्या कालव्यांचे नकाशे यंत्रात चढवायचं काम घेतलेल्या एका कंपनीत लागलो. कंपनी म्हणजे औषधाच्या दुकानावरची एक खोली. पण त्या खोलीत एसी होता. तो माझ्यासाठी नव्हता, यंत्रासाठी होता. ही बारीकशी गोष्ट आईने नातलगांना कधी सांगितली नाही.

कोर्समध्ये एक धडा होता, त्याच्याबद्दल आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्या धड्याचं आहे. जमिनीवरची जागा दोन तऱ्हांनी सांगता येते. एक तऱ्हा अंशांची, म्हणजे अक्षांश-रेखांश. पृथ्वी गोल आहे हे मान्य करायचं, मनाने तिच्या पोटात मधोमध जाऊन बसायचं आणि तिथून कोन मोजायचे. दुसरी तऱ्हा मीटरची. गोल पृथ्वीचा तुकडा आधी हिशेबाने सपाट कागदावर उतरवायचा, याला प्रोजेक्शन म्हणतात, आणि मग त्या कागदाच्या कोपऱ्यापासून इतके मीटर उजवीकडे, इतके मीटर वर, असं सांगायचं. अंश म्हणजे कोन, त्याने शेत मोजता येत नाही. मीटर म्हणजे लांबी, तिने येतं. एवढंच. हे मी आज सांगतोय. तेव्हा तो तास दुपारी दोनला असे, पोटात गरम भात असे, आणि परीक्षेत पाचातले कुठलेही तीन प्रश्न सोडवायचे असत. मी तो धडा ऑप्शनला टाकला.

तर मुलगी. गाव पापनाशमच्या पुढे, बसमधून उतरून कालव्याच्या बांधावरून पंधरा मिनिटं चालत. कालव्याचं अगदी शेपूट, म्हणजे पाणी सगळ्या गावांना मिळून उरलं तर यांना. मुलीचे वडील निवृत्त सर्व्हेअर. तीस वर्षं लोखंडी चेन ओढत लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस. पोटऱ्या अशा की त्या पायांच्या नसून नारळाच्या खोडाच्या वाटाव्यात. आमच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना मामा म्हटलं. (इथे एक खुलासा: आमच्या घरची मराठी जशीच्या तशी लिहिली तर निम्मी तमिळ आणि निम्मी तीनशे वर्षांपूर्वीची निघेल. म्हणून पुढचं सगळं बोलणं इस्त्री करून देतोय.) मुलगी पापनाशमच्या मुलींच्या हायस्कुलात भूगोल शिकवायची. तिने केसरी, म्हणजे आमचा शिरा, आणि बज्जी, म्हणजे भजी, यांची बशी माझ्यापुढे ठेवली, मान खाली घालून आत जाण्याऐवजी समोरच्या चटईवर बसली, आणि विचारलं,

"तुमच्या यंत्रात आमचं गाव आहे का?"

झालं. त्या प्रश्नावर मी पडलो. असा प्रश्न विचारणारी बायको मिळाली तर जन्माचं सोनं होईल, ही मिळाली नाही तर मी मुली बघणं बंद करीन आणि एसीत म्हातारा होईन, असं मी त्या बज्जीच्या साक्षीने ठरवलं. आणि ठरवल्यावर गडी जे करतात ते केलं. थाप मारली. म्हटलं, सगळी गावं आहेत. म्हटलं, घरं आहेत, विहिरी आहेत. आता शेतं मोजायला कोणाला शेतात उतरायला नको, पायाला चिखल लागत नाही, एक बटण दाबलं की झालं.

मामांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "म्हणजे तीस वर्षं मी चुम्मा चिखल लावून घेतला."

चुम्मा म्हणजे उगीच. आमच्याकडे हा शब्द हसत म्हटला तर गंमत असते. ते हसत नव्हते.

मग त्यांनी अट घातली. घरामागचं त्यांचं भाताचं शेत किती मा आहे ते यंत्राने सांगायचं. मा हे आमच्या खोऱ्यातलं जुनं माप. तीन मा म्हणजे साधारण एक एकर. उत्तर त्यांना ठाऊक होतं, ते मला सांगणार नव्हते. येत्या शनिवारी ते आणि मुलगी तंजावूरला माझ्या कंपनीत येतील, यंत्राचं उत्तर ऐकतील, आणि मग काय ते कळवतील.

परतीच्या बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "केसरी छान झालीय, एवढंच म्हणायचं होतं रे."

तिची काळजी वेगळी होती. आमच्या लोकांत नकार कोणी तोंडाने देत नाही. एक पोस्टकार्ड येतं: पत्रिका जुळत नाही. आमच्या पत्रिका तर आधीच दोन ठिकाणी दाखवून जुळवलेल्या. म्हणजे कार्ड आलंच तर ते कुठल्या ग्रहामुळे आलं हे सगळ्या तंजावूरला कळणार होतं.

मला एक आठवडा मिळाला. यंत्रात कालवे होते, पण गाव नव्हतं, एकही गाव नव्हतं. कालवे माझ्याआधीच्या माणसाने चढवले होते आणि मग तो जास्त पगारावर बेंगळूरला निघून गेला होता. मी सर्व्हेचे जुने कागद मागवून आणले, मोठ्या टेबलावर चिकटवले आणि भिंगाने एकेक कोपरा टिपत मामांचं गाव यंत्रात उतरवलं. त्यांचं घर, गोठा, विहीर, भाताचं शेत. घरामागचा फणससुद्धा उतरवला. त्याचं काहीच काम नव्हतं, पण प्रेमात माणूस फणस सोडत नाही. कागदाच्या कडेला अक्षांश-रेखांश छापलेले होते, तेच मी यंत्राला दिले. माझ्याआधीच्या माणसाने कालव्यांना काय दिलं होतं हे बघावं असं मला सुचलंही नाही. नकाशा तो नकाशा.

शनिवारी दोघं आली. यंत्राच्या खोलीत चप्पल घालून जायची बंदी होती, तेव्हा सगळे तशी बंदी घालत. मामा अनवाणी आत आले आणि एसीखाली उभे राहिल्यावर त्यांनी अंगवस्त्र गळ्याभोवती गुंडाळून घेतलं. मुलगी पडद्यासमोर स्टुलावर बसली. आमच्या धंद्यात पाहुण्याला आधी कालवे दाखवायची पद्धत. निळ्या रेघा पडद्यावर पसरल्या, फाटे, उपफाटे, झाडाच्या मुळांसारखे. मामा वाकून बघू लागले. त्यांचा फाटा त्यांनी बोटाने ओळखला. माझी छाती दीड वीत फुगली.

"आता तुमचं गाव," मी म्हणालो आणि बटण दाबलं.

काही झालं नाही. कालवे होते तसेच. गाव नाही. पुन्हा दाबलं. गाव नाही. मी खुलासा केला की व्होल्टेज कमी-जास्त होतंय.

सगळं एकदम दाखव, असं बटण असतं, ते दाबलं. तर निळे कालवे आवळत आवळत पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक माशी बसल्यासारखे झाले. खालच्या डाव्या कोपऱ्यात दुसरी माशी. मधे पांढरं मैदान. खालच्या माशीवर भिंग नेलं, मोठी केली, आणखी मोठी केली, आणि शेवटी त्यातून निघालं घर, गोठा, विहीर, शेत, फणस. म्हणजे गाव होतं. फक्त आपल्या कालव्यापासून शेकडो कोस लांब, एकटंच, रुसल्यासारखं जाऊन बसलं होतं. मी म्हणालो, माउस जरा जुना झालाय.

"शेत तर दिसतंय," मामा म्हणाले. "ते किती मा आहे?"

शेताचं क्षेत्रफळ मागितलं. पडद्यावर आलं: ०.००.

मामांनी चष्मा पुसला, परत लावला. "शून्य मा," ते म्हणाले. "बापाने लिहून दिलं तेव्हा तर बरंच होतं."

मला घाम फुटला, तोही एसीत. काहीतरी येतं हे दाखवायलाच हवं होतं, म्हणून मी आमचा हुकमी खेळ काढला. एखाद्या जागेपासून शंभर मीटरच्या आत काय काय येतं ते यंत्र रंगवून दाखवतं. पाहुणे खूश होतात. मी मामांच्या घरावर टिचकी मारली, शंभर असा आकडा घातला. लाल रंग उमटला, पसरला, पडदा भरला. मी नकाशा मागे घेतला, लाल. आणखी मागे घेतला, लाल. यंत्राला आकडा तेवढा कळतो, तो कशाचा ते कळत नाही; मी गावाला दिलेले आकडे अंशांचे, तेव्हा त्यांच्या शेजारी शंभरही अंशच ठरले. मामांच्या घरापासून शंभर अंशांच्या आत अर्ध्याहून जास्त पृथ्वी येते. हे मला आज कळतं. तेव्हा मी म्हणालो की थंडीमुळे रंग जास्त पसरतो.

मुलगी इतका वेळ पडद्याच्या तळाशी बघत होती. तिथे, बाण जिथे न्यावा तिथले दोन आकडे बारीक अक्षरांत उमटतात. तिने मला बाण गावावर न्यायला सांगितलं, मग कालव्यांवर. मग पुन्हा गावावर. मग म्हणाली,

"गावाचे एकोणऐंशी आणि अकराला थोडे कमी. हे तर पापनाशमचे रेखांश-अक्षांश, मी दर वर्षी सातवीच्या मुलींकडून पाठ करून घेते. आणि कालव्यांचे तीन लाख आणि बारा लाख. हे अंश नव्हेत. एवढे अंश पृथ्वीला नाहीत."

मी म्हणालो, ते मीटर असतील. म्हणालो कसला, माझ्या तोंडून ते आपोआप बाहेर पडलं, कारण दुपारी दोनच्या त्या तासातलं एक वाक्य माझ्या झोपेतूनही आत गेलं होतं.

"मग यंत्राला वाटतंय आमचं गावही मीटरमध्येच आहे," ती म्हणाली. "शून्यापासून एकोणऐंशी मीटर उजवीकडे आणि अकरा मीटर वर. हे शून्य कुठे आहे?"

तेही मला आठवलं. नकाशातल्या आमच्या पट्ट्याचं शून्य विषुववृत्तावर धरलेलं असतं, आणि तेही मुद्दाम पश्चिमेला पुष्कळ सरकवलेलं, उणे आकडे येऊ नयेत म्हणून. मी भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर बोट ठेवलं. कन्याकुमारीच्या खूप खाली, बोटाखाली सगळं निळं. अंशांचे आकडेच मीटर धरल्यामुळे अख्खा तालुका हातरुमालाएवढा झालेला, आणि तो रुमाल हिंदी महासागरात. त्या हिशेबाने माझं घर ते तिचं घर हे अंतर भरलं असतं एक वीत. हे मी मोठ्याने बोललो नाही. तेवढी अक्कल शिल्लक होती.

मामांनी वाकून त्या निळ्यावर स्वतःचं बोट ठेवलं.

"तीस वर्षं अर्ज करतोय," ते म्हणाले. "शेवटी आमच्या घरापर्यंत पाणी आलं."

मुलगी हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसली. ते हसू माझ्यावर होतं हे मला कळत होतं, तरी मला ते इतकं आवडलं की मीही हसलो, आणि मग आमचे साहेब काय झालं म्हणून आत आले आणि मामांनी त्यांना गंभीरपणे सांगितलं की आम्ही समुद्रावर आलोय.

पण जाताना काही बोलले नाहीत. हो नाही, नाही नाही.

पुढचे दहा दिवस मी पोस्टमनला चुकवत होतो. तो माझ्या रस्त्याने येताना दिसला की मी दुसऱ्या रस्त्याने जायचो, जणू कार्ड माझ्या हातात पडलं नाही तर लिहिलंच गेलं नाही. आईने गुरुवार धरला. कार्ड आलं नाही. अकराव्या दिवशी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्याने हाक मारली. फोनवर मामा.

"रविवारी या. उत्तर कागदावर आणा. आणि चिखल लागला तरी चालेल अशी वेष्टी नेसून या."

एवढंच. वेष्टी म्हणजे आमच्याकडचं धोतर. मी आईला सांगितलं. ती म्हणाली, नकार द्यायला कोणी वेष्टी नेसायला सांगत नाही. मग थोडं थांबून म्हणाली, पण त्या माणसाचं काही सांगता येत नाही.

मी पुण्याची वही काढली. त्या तासाच्या पानावर वर तारीख होती आणि खाली, झोपेत पेन फिरलेली एक रेघ, कावेरीसारखी. बाकी काही नव्हतं. तेव्हा मी शाळेतलं आठवलं: एक अंश म्हणजे एकशे अकरा किलोमीटर. झालं की. अंशांना एकशे अकराने गुणलं की किलोमीटर. शेताच्या चारही कोपऱ्यांचे आकडे कागदावर घेऊन मी आडवे-उभे सगळे गुणले, आणि आकडेमोड जमली तेव्हा मला नाचावंसं वाटलं. शेत पूर्व-पश्चिम लांब, उत्तर-दक्षिण अरुंद. सव्वानवाला थोडं कमी, नऊ मा आणि वर काही. मी ठिपक्यांच्या प्रिंटरवर छापून घेतलं. कर्र कर्र आवाज करत कागद बाहेर आला तो मला सनईसारखा वाटला.

रविवारी सकाळी मामांनी कागद घेतला, वाचला नाही, घडी करून मुंडाशात खोवला. "आधी चेन," ते म्हणाले.

चेन म्हणजे लोखंडी कड्यांची साखळी, शंभर कडी, सहासष्ट फूट. मामांनी एक टोक धरलं आणि दुसरं मला दिलं. मुलगी छत्री उघडून बांधावर उभी राहिली, हातात वही. भाताचं आवण नुकतंच लावून झालेलं होतं, म्हणून बांधाबांधाने मोजायचं. बांध एक पाऊल रुंद. मामा त्यावरून देवळाच्या प्रदक्षिणेला निघाल्यासारखे चालत. मी दोरीवरच्या माकडासारखा. पहिल्याच चेनला पडलो. डावा पाय शेतात, उजवा कालव्यात, आणि चेनचं टोक मात्र हातात वर धरलेलं. कालव्यात गुडघाभर पाणी होतं, त्या वर्षी आलं होतं. मामांनी वळून पाहिलं.

"टोक सोडलं नाहीत," ते म्हणाले. मला वाटलं कौतुक आहे. "पण हललं. परत."

परत. मग आणखी एकदा परत, कारण त्यांचा नियम असा की एक बाजू तीनदा मोजायची आणि तिन्ही आकडे सारखे आले तरच लिहायची. दुपार चढेपर्यंत माझी वेष्टी चॉकलेटी झाली होती आणि तिच्या छत्रीखालच्या वहीत दोन आकडे होते. पूर्व-पश्चिम बरोबर दहा चेन. उत्तर-दक्षिण बरोबर तीन. दहा गुणिले तीन, तीन एकर, नऊ मा. एक दाणा इकडे नाही.

मग मामांनी मुंडाशातून माझा कागद काढला आणि बांधावरच बसून वाचला.

"उत्तर-दक्षिण तुमचं जवळजवळ बरोबर आहे," ते म्हणाले. "फूटभरसुद्धा फरक नाही. पूर्व-पश्चिम दहा फूट जास्त." त्यांनी कागदावर मांडणी केली, ओठ हलवत. "म्हणजे नऊ मा, आणि वर एक ग्राउंड."

ग्राउंड म्हणजे आमच्याकडे घर बांधायचा एक प्लॉट. मामांनी शेतावरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हरवलेली म्हैस शोधावी तशी. "हा प्लॉट कुठाय तेवढं दाखवा. ताबडतोब कुंपण घालतो."

मी काही बोलणार तोच मुलीने छत्री मिटली.

"आज कोणामुळे झालं?" ती म्हणाली. "त्या दिवशी व्होल्टेज होतं. मग माउस. मग थंडी. इथे तर यातलं काहीच नाही."

मी चिखलात उभा होतो. माणूस चिखलात उभा असला की थापा मारणं अवघड जातं, पायाखाली आधार नसतो.

"माझ्यामुळे," मी म्हणालो. "मी एकशे अकराने गुणलं. सगळीकडे. का गुणायचं ते मला माहीत नाही. तो धडा मी ऑप्शनला टाकला होता."

तिने वही मिटली. "मी तो शिकवते," ती म्हणाली. "चला घरी."

घरी मामी, म्हणजे तिची आई, जेवणाची पानं मांडत होत्या. मुलीने स्वयंपाकघरातून पाण्याचा पितळी कुडम आणला, आमच्याकडे कमरेवर घेतात तो, गोल पोटाचा आणि अरुंद गळ्याचा. मग मांडलेल्यातलं एक केळीचं पान उचललं, मधली शीर धरून उभं फाडलं, आणि ती शीर कुडमाच्या पोटाभोवती, जिथे तो सगळ्यात रुंद असतो तिथे गुंडाळली.

"हे विषुववृत्त," ती म्हणाली. "आता पान वर गळ्याकडे दाबा."

मी दाबलं. केळीचं पान आपल्या रेषांवर फाटतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या पट्ट्या झाल्या. पोटाशी पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, पण जसजशा वर गेल्या तसतशा एकमेकींच्या अंगावर चढल्या, आणि गळ्याशी तर सगळ्या एकावर एक.

"पट्टी म्हणजे रेखांशाचा एक अंश समजा. खाली पूर्ण रुंद, वर जागाच नाही. उत्तर-दक्षिण अंश सगळीकडे जवळजवळ तेवढाच राहतो. पूर्व-पश्चिम अंश वर जाताना आवळतो. आपण इथे आहोत," तिने पोटाच्या जरासं वर बोट ठेवलं, "म्हणून एकशे अकराचे एकशे नऊ होतात, आणि अप्पांना एकच प्लॉट फुकट मिळाला. तुम्ही काश्मिरात नोकरीला असता तर दोनेक मा वाढवून दिले असते."

मग तिने फाटलेली एक पट्टी सोडवून जमिनीवर ठेवली. ती सपाट बसली, सुरकुतीशिवाय. "अख्खं पान सपाट होत नाही. एक पट्टी होते. म्हणून गोल पृथ्वीच्या पट्ट्या करायच्या, आणि आपली जी पट्टी असेल तेवढीच सपाट करून मीटरमध्ये मोजायची. तुमच्या यंत्रात हे नक्की असणार. शोधलंत का?"

नव्हतं शोधलं. सहा महिने पुण्यात, एवढाले प्रोजेक्टर, आणि धडा इथे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पडला होता.

मामी आल्या आणि पानाची अवस्था बघून म्हणाल्या, पाहुण्याचंच पान फाडलंस का गं. घरात तेवढीच पानं कापून आणलेली. तेव्हा त्या फाटक्या पट्ट्या जुळवून माझ्यासमोर मांडल्या आणि मी त्यावर जेवलो. भात कसाबसा राहिला. रसम पट्ट्यांमधून वाहून गेलं, थेट मामांच्या पानापर्यंत. मामांनी आपलं पान अलगद उचलून दोन बोटं सरकवलं आणि जेवत राहिले.

त्याही दिवशी हो नाही की नाही नाही. निघताना मामा एवढंच म्हणाले, की आता यंत्राकडून नऊ आणा.

सोमवारी खोली उघडल्या उघडल्या मी यंत्रातली प्रत्येक यादी उलगडून बघितली. होतं. तिसऱ्या यादीत, चौथ्या ओळीत, पहिल्या दिवसापासून होतं. माझ्याआधीच्या माणसाने कालवे तिथूनच नेले होते, नीट, आपल्या पट्टीत. मी गावाला तीच पट्टी सांगितली, बटण दाबलं. घर, गोठा, विहीर, शेत, फणस असे सगळे महासागरातून उठले, आणि पुढच्या क्षणी निळ्या फाट्याच्या शेपटाला जाऊन बसले, बरोबर जिथे बसायला हवे तिथे. मी क्षेत्रफळ मागितलं. चौरस मीटरमध्ये आलं. हाताने मा केले, तीनदा केले. नऊ.

रविवारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. साहेबांना म्हणालो डोकं दुखतंय, आणि कागद शर्टात घालून पापनाशमची बस धरली. मुलींच्या हायस्कूलच्या फाटकाबाहेर एक तरुण हातात गुंडाळलेला कागद घेऊन तासभर येरझारा घालू लागला तर वॉचमन काय करतो ते मी विस्ताराने सांगत नाही. एवढंच सांगतो की शाळा सुटली तेव्हा त्याने माझी कॉलर धरलेली होती आणि ती बाहेर आली.

तिने वॉचमनला सांगितलं की हे नकाशाचे आहेत. त्याने कॉलर सोडली, पण मनापासून नाही. तिने कागद तिथेच उलगडला. आधी कोपऱ्यांचे आकडे वाचले. तीन लाख, बारा लाख. मग खाली शेवटची ओळ.

"नऊ," ती म्हणाली.

"नऊ."

"अप्पांचं समाधान झालंच आहे. ते कालच म्हणाले, पोरगा टोक सोडत नाही. आता माझं राहिलं." तिने कागदाची नीट घडी घातली. "ही शाळा मी सोडणार नाही. तंजावूरहून इथे रोज येणं मला जमायचं नाही. तुम्हाला..."

"जमेल," मी म्हणालो.

"कुठून कुठे जायचं ते तरी ऐका."

"नाही ऐकत. पण जमेल."

वॉचमन आधी हसला. मग ती.

संध्याकाळी घरी येऊन आईला सांगितलं. ठरलं, आणि लग्नानंतर मी पापनाशमला राहणार, आणि रोज सकाळच्या पॅसेंजरने तंजावूरला कामावर येणार. आई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या फाटलेल्या कॉलरकडे बघितलं.

"मुलगी आणायला गेलास," ती म्हणाली, "आणि मुलगा देऊन आलास." मग सूप परत उचललं. "आणि दुपारचा डबा? तो कुठल्या घरातून?"

याचा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता.